निमकर कलम आणि दोन वाट्या तेल

आमच्या सासूबाईंनी अमेरिकन हवाईदलातील एका जवानाला नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान घातले, यात कायद्याने आक्षेपार्ह असे काहीही नव्हते. स्नान संमतीने झाले. पाणी तापवण्याची वीज आमच्या मीटरवरची होती. जवान सज्ञान होता. (त्याचे वय मी स्वतः विचारून घेतले होते, एकवीस.) आक्षेपार्ह ठरले ते त्यानंतर सहा तासांनी, आणि ज्या कायद्याने ते आक्षेपार्ह ठरले, तो कायदा मी लिहिला होता.

मी साताऱ्यास नऊ वर्षे वकिली केली. पत्नी डॉ. मालती हिला इंग्लंडातील इस्पितळात जागा मिळाली, तेव्हा साठच्या दशकाच्या मध्यावर आम्ही कन्येसह इकडे आलो. प्रथम बर्मिंगहॅमला, आणि मग कॉव्हेंट्रीहून बसने तासाभराच्या अंतरावर एका लहान गावी. माझी सनद येथे चालत नाही, असे मला कळवण्यात आले. त्याविरुद्ध मी चौदा पत्रे लिहिली. चौदावे पत्र पोचल्यावर मला गावच्या कौन्सिलच्या कचेरीत नोकरी देण्यात आली. काम काय, तर येणाऱ्या पत्रांची नोंद ठेवणे. (मला पत्रे लिहिण्यापासून परावृत्त करण्याचा तो उपाय असावा. तो फसला. सर्व खात्यांचे पत्ते मला आयते मिळाले.)

गावापासून दोन मैलांवर अमेरिकनांचा विमानतळ होता आणि आमच्या शेजारचे घर त्यांच्या जवानांना भाड्याने दिलेले होते. सत्तरचे दशक नुकतेच लागले होते. ऑगस्टातल्या एका रविवारी शेजारून एक चेंडू कुंपण ओलांडून आला आणि मालतीच्या मेथीवर पडला. चेंडू गोल नव्हता. दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा. विलायती मातीला महिनाभर समजावून उगवलेली ती मेथी होती. मी तात्काळ विमानतळाच्या कमांडरला पत्र लिहिले. त्यात नुकसानीचे स्वरूप, चेंडूचे वर्णन, वाऱ्याची दिशा आणि वाफ्याचा नकाशा, हे सर्व होते.

तिसऱ्या दिवशी आरोपी स्वतः हजर झाला. दाराच्या चौकटीखालून त्याला वाकून यावे लागले.

"सर, माझं नाव क्लेटन," तो म्हणाला. "मेथी म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, पण मी ती परत लावून देईन." आणि तो खरोखरच गुडघ्यांवर बसून वाफा खणू लागला.

सासूबाई त्या उन्हाळ्यात नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले.

"भास्करराव, कोणाचं पोर हो हे?"

"तो गुन्हेगार आहे."

"बरं. मग गुन्हेगाराला जेवायला वाढू ना? साडेबारा झालेत."

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हते आणि क्लेटनला मराठी. त्याने एक तोडगा काढला होता. त्या काहीही म्हणाल्या की तो "येस मॅम" म्हणे. "आणखी एक पोळी?" येस मॅम. "आमटी गरम करू?" येस मॅम. "आता पुरे का?" येस मॅम. यावर त्याच्या पानात सहावी पोळी पडली, कारण 'पुरे का' हा सासूबाईंच्या लेखी प्रश्न नव्हताच. जेवण आटोपेपर्यंत त्या दोघांत असे काही सामंजस्य निर्माण झाले होते, की तेरा वर्षे संसार करूनही ते मला माझ्या पत्नीशी साधलेले नव्हते.

जाताना त्याने आम्हाला त्याच्या सामन्याचे आमंत्रण दिले. तो त्यांच्या हवाई तळाच्या फुटबॉल संघात होता.

"बाबा, ते खरी फुटबॉल नाहीये," शुभा म्हणाली. शुभा म्हणजे आमची बारा वर्षांची कन्या. तिच्या मराठीत लिंगव्यवस्था कोलमडलेली असे. "ते रग्बीसारखा असते, पण उशी बांधून."

मी नाराजीनेच गेलो. पहिल्या दहा मिनिटांत मला उमगले की आजवर मी चुकीचे खेळ पाहत आलो होतो. या खेळात अकरा माणसे अकरा माणसांवर तुटून पडतात, पाचसहा सेकंद धुमश्चक्री होते, आणि मग सगळे थांबतात. कशासाठी? सुनावणीसाठी. पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घातलेले चार पंच एकत्र जमतात. कोणी नियम मोडला असेल तर पंच खिशातून पिवळे फडके काढून जमिनीवर टाकतो. मग आरोप, मग निकाल, मग दंड. आणि तो दंडही यार्डांत मोजून जागच्या जागी वसूल. साताऱ्यास ज्या गोष्टीला सहा वर्षे लागत, ती येथे चाळीस सेकंदांत उरकत होती.

"शुभा," मी सद्गदित होऊन म्हणालो, "हा खेळ नव्हे. हे न्यायालय आहे. मधूनमधून माणसे धावतात, एवढेच."

"बाबा, तू मोठा बोलतोयस. लोक बघतायत."

क्लेटन मात्र बाकावर बसून होता. संघात त्याचे पहिलेच वर्ष होते. त्याचे काम ऐकायला सोपे: मागे उभे राहायचे, हाती चेंडू आला की तो छातीशी धरायचा, आणि समोरच्या अकरा जणांतून जमेल तितके पुढे पळायचे. हुतूतूत गडी दम धरून परत येतो. येथे गडी चेंडू धरून पुढे जातो, आणि परत येण्याची सोय नसते. शेवटच्या काही मिनिटांत मुख्य धावकाचा घोटा मुरगळला आणि क्लेटनला उठवण्यात आले.

मी आयुष्यात पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत, परंतु त्या मुलाच्या पायांनी केलेल्या युक्तिवादाला तोड नव्हती. तो समोरच्याला जणू रीतसर नोटीस देई, की मी डावीकडून येत आहे. आणि नोटिशीची मुदत संपण्याआधीच उजवीकडून निघून जाई. एक पडला, दुसरा पडला, तिसरा चौथ्यावर आपटला. मी उभा राहिलो. माझ्या छत्रीचे टोक पुढच्या बाकावरील बाईंच्या केसांत अडकले. मी ते सोडवले नाही. त्या वेळी मी "पळ लेका, पळ" असे ओरडत कुंपणाच्या कडेने स्वतःच पळू लागलो, असे शुभा सांगते. मला ते स्मरत नाही, आणि अल्पवयीन साक्षीदाराच्या एकट्या साक्षीवर मी विसंबत नाही. मात्र बाईंची छत्रीविषयक तक्रार लेखी आली, ती मी नोंदवून घेतली.

सोमवारी मी संघाच्या कोचला पत्र लिहिले. विषय: क्लेटन यांस बाकावर बसवून ठेवण्यातील अन्याय. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले, तिसरे लिहिले. चौथ्यानंतर क्लेटन प्रत्येक सामन्यात पहिल्यापासून खेळू लागला. (त्या मुख्य धावकाचा घोटा बरा झालाच नव्हता, असे कोचने पुढे सांगितले. ते त्याचे म्हणणे झाले.) मी खेळाचे नियमपुस्तक मिळवले, त्याला तपकिरी कागदाचे वेष्टण घातले आणि उशाशी ठेवू लागलो.

"अहो, काय वाचताय एवढं?" मालतीने एकदा विचारले.

"चेंडू हातातून निसटला असता ताबा कोणाचा, यावरील प्रकरण."

"माझे पेशंट बरे," ती म्हणाली आणि कूस वळवली.

ऑक्टोबरात एकदा जेवताना क्लेटनने खरी गोष्ट सांगितली. वसंतात त्याची नोकरीची मुदत संपत होती. त्याला कॉलेजात जायचे होते, पण घरची ऐपत नव्हती. त्याच्या प्रांतातील एका कॉलेजासाठी खेळाडू निवडणारे एक वृद्ध गृहस्थ आपल्या लेकीला भेटायला तळावर येणार होते आणि हंगामाचा अखेरचा सामना पाहणार होते. त्यांना हा पसंत पडला, तर सगळे शिक्षण फुकट.

"आणि नाही पडलास तर?" मी विचारले.

"तर काकांच्या कोंबड्या, सर. मी कोंबड्यांना नावं ठेवत नाही. पण बारा हजार आहेत."

सासूबाईंनी शुभाकडे पाहिले. शुभाने भाषांतर केले: "आजी, त्याला कॉलेज पाहिजे. नाहीतर कोंबडी."

"शिकायचं म्हणतोय ना? मग शिकेल," सासूबाई म्हणाल्या. "काळजी करू नको म्हणावं."

"येस मॅम," क्लेटन म्हणाला, आणि त्याला पुन्हा भात वाढण्यात आला.

आता ज्यामुळे सर्वनाश ओढवला त्या सामन्याकडे वळतो. शेवटून दुसऱ्या सामन्यात समोरच्या संघाच्या धावकाने दंडांना कसलेसे मलम फासले होते. आमचा जो जो गडी त्याला धरी, तो तो साबणाच्या वडीसारखा घसरून खाली बसे. आम्ही हरलो. पंचप्रमुख सार्जंट होल्ट यांना काहीही दिसले नाही. माझे रक्त उसळले. नियमपुस्तकात अशा लबाडीला मनाई होती, पण तीत पळवाटा इतक्या, की साताऱ्याच्या कोणत्याही कनिष्ठ वकिलाने आरोपीला चहाच्या वेळेपर्यंत सोडवून आणले असते. त्या आठवड्यात मी होल्ट यांना अकरा पानांचे पत्र लिहिले आणि सोबत नव्या कलमाचा मसुदा जोडला. मसुदा असा:

"एक: सामन्यापूर्वी प्रत्येक खेळाडूचे हात पांढऱ्या रुमालाने तपासावेत, सामना चालू असता संशय आल्यास दंड, मान व केस हेही तपासावेत. दोन: 'स्निग्ध पदार्थ' या संज्ञेत वनस्पतिजन्य, प्राणिजन्य व खनिज, सुगंधी व निर्गंध, देशी व परदेशी असे सर्व प्रकार अंतर्भूत समजावेत. तीन: पदार्थ खेळाडूने स्वतः लावला नसून आप्त, मित्र वा यजमान यांनी लावला, ही सबब ऐकू नये. चार: तो औषध म्हणून, रिवाज म्हणून वा धर्म म्हणून लावला, ही सबबही ऐकू नये. पाच: दोषी खेळाडूने मिळवलेले गुण रद्द करून त्यास उर्वरित सामन्यातून काढावे. सहा: या निर्णयावर अपील नाही."

मालतीने कार्बन प्रत वाचली.

"अहो, धर्म म्हणून कोण तेल लावून खेळायला जाणार?"

"पळवाट, मालती. कायदा लिहिताना कल्पनाशक्ती वापरावी लागते."

तिच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी तिच्या ओठांवर आले होते, याबद्दल मला शंका नाही. पण तेवढ्यात इस्पितळातून फोन आला आणि ती गेली.

होल्ट यांचे उत्तर चार दिवसांत आले. सर्व तळांच्या पंचांनी मसुदा जसाच्या तसा स्वीकारला होता. अंमल पुढच्या सामन्यापासून. शेवटी एक ओळ होती: "सोयीसाठी आम्ही याला निमकर कलम म्हणत आहोत."

ज्या देशाने माझी सनद नाकारली, त्या देशाच्या भूमीवर माझ्या नावाचे कलम लागू झाले होते. मी ते पत्र चौकटीत घालून शेकोटीच्या वर भिंतीवर लावले.

अखेरचा सामना शनिवारी होता. त्याच शनिवारी नरकचतुर्दशी होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे लक्षात येण्याइतका वेळ मला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी मी क्लेटनसाठी सूचनांचे टिपण तयार करत होतो. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"भास्करराव, उद्या पहाटे त्या पोरालाही बोलावते. मोठ्या कामाला निघालाय. तसाच कसा पाठवायचा?"

"बोलवा."

"तेल लावीन म्हणते."

"लावा, लावा," मी मान वर न करता म्हणालो. ही संमती तोंडी होती. पण शुभा समोर बसली होती.

सासूबाईंनी नाशिकहून वाळा-कचोरा घातलेले तिळाचे तेल आणले होते. ते पुरेना, म्हणून शुभाला केमिस्टकडे ऑलिव्ह तेल आणायला पिटाळण्यात आले. या देशात त्या काळी ते तेल एवढ्याएवढ्याशा बाटलीत, कानात घालण्यासाठी मिळे. शुभाने सहा बाटल्या मागितल्या, तेव्हा केमिस्टने काळजीने विचारले, की घरात एकूण किती कान दुखतात?

पहाटे पाच वाजता क्लेटन आला. पाट नव्हता, म्हणून शुभाच्या ड्रॉइंगच्या फळीभोवती रांगोळी काढून त्याला पोहण्याच्या चड्डीवर तीवर बसवण्यात आले. शेजारी रॉकेलचा हीटर. सासूबाईंनी पदर खोचला आणि जे मर्दन आरंभले, त्याचे वर्णन मी करणार नाही. एवढेच सांगतो, की समोरच्या संघातील अकरा जणांनी त्याला हंगामभर जे दिले नव्हते, ते त्या पासष्ट वर्षांच्या बाईंनी वीस मिनिटांत दिले. दंड, पाठ, मान, आणि टाळूवर अर्धी वाटी निराळी थापलेली.

"दुखतंय का रे?"

"येस मॅम."

"मग बरोबर लागतंय."

यानंतर उटणे लावून कडकडीत पाण्याने तेल उतरवायचे, हा शास्त्रार्थ. परंतु ज्येष्ठतेच्या हक्काने पहिले स्नान मी केले होते आणि गरम पाण्याची टाकी रिकामी केली होती. क्लेटनच्या वाट्याला कोमट पाण्याचे दोन तांबे आले. (हा मुद्दा त्या दिवशी कोणीही उपस्थित केला नाही, म्हणून मीही केला नाही. आज करतो.) कारीट इंग्लंडात मिळत नाही, त्याऐवजी सासूबाईंनी दारात ब्रसेल्स स्प्राउट ठेवला. नरकासुराच्या वधार्थ तो डाव्या अंगठ्याने चिरडायचा असतो, हे शुभाने सांगताच क्लेटनने तो अशा काही निष्ठेने चिरडला, की त्याचा एक भाग शेजाऱ्यांच्या मोटारीवर सापडला. औक्षण झाले. फराळ झाला. नऊ वाजता तो निघाला, तेव्हा वाळ्याचा घमघमाट रस्त्याच्या टोकापर्यंत त्याच्यामागे गेला. मुलगा सभ्य, जाण्यापूर्वी हात मात्र त्याने साबणाने स्वच्छ धुतले.

अकराला सामना. पहिल्या रांगेत कॉलेजचे ते निवड करणारे गृहस्थ बसले होते, पांढऱ्या केसांचे, हॅट घातलेले. सार्जंट होल्ट पांढरा रुमाल घेऊन एकेका खेळाडूचे हात पुसत निघाले. मी आजूबाजूच्या लोकांना "कलम एक" असे सांगत होतो. क्लेटनचे हात स्वच्छ निघाले. मला कृतकृत्य वाटले.

दुसऱ्याच खेळीत चेंडू त्याच्या हाती आला. समोरून एक धिप्पाड गडी आला आणि त्याने क्लेटनला दंडाला धरले. मग दंड वर राहिला आणि गडी खाली गेला. दुसऱ्याने कमरेला मिठी मारली. तो गुडघ्यांपर्यंत आला, घोट्यांपर्यंत आला, आणि शेवटी गवताला मिठी मारून पडून राहिला. तिसऱ्याने मान धरली आणि स्वतःच्याच हातांकडे पाहत उभा राहिला. साठ यार्ड, थेट शेवटच्या रेषेपलीकडे, आणि गुण! हॅटवाले गृहस्थ उठून उभे राहिले. मी तर बाकावरच चढलो होतो.

"पाहिलंस शुभा? याला म्हणतात प्रतिभा."

"बाबा," शुभा हळूच म्हणाली, "तो चमकतोय."

पळून त्याला घाम आला होता. त्याने शिरस्त्राण काढून कपाळ पुसले, केसांतून हात फिरवला, आणि त्याच हातांनी पुढचा चेंडू घेतला. चेंडू त्याच्या छातीशी आला, तेथून वर उडाला, कोचच्या टोपीवर आदळला आणि खाली पडला. तो उचलायला क्लेटन वाकला. चेंडू पुन्हा निसटला. त्यावर झेप घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातून तो पुढे सरकत राहिला आणि दोन्ही संघांची बावीस माणसे त्याच्यामागे कोंबडी धरायला निघाल्यासारखी वाकून धावू लागली. अखेर पिवळे फडके पडले. सार्जंट होल्ट क्लेटनजवळ गेले. त्यांनी हुंगले. मग रुमाल त्याच्या मानेवरून फिरवला आणि उजेडात धरला. रुमालातून पलीकडचे झाड दिसत होते.

मी नियमपुस्तक घेऊन मैदानात धावलो.

"सार्जंट, मी या मुलाच्या वतीने उभा आहे. हे तेल त्याने स्वतः लावलेले नाही."

होल्ट यांनी आतल्या खिशातून घडी केलेले कागद काढले. अक्षर माझे होते. "कलम तीन," ते वाचू लागले. "आप्त, मित्र वा यजमान यांनी लावला, ही सबब ऐकू नये."

"हा आमचा सण आहे. दोन हजार वर्षांचा रिवाज."

"कलम चार. औषध म्हणून, रिवाज म्हणून..."

"ते मला पाठ आहे," मी म्हणालो. "पण हे तेल तिळाचे आहे. भारतीय आहे. आपल्या नियमकर्त्यांच्या डोळ्यांसमोर ते असणे शक्य नव्हते."

"वनस्पतिजन्य, सुगंधी, परदेशी," होल्ट म्हणाले. "मिस्टर निमकर, तीस वर्षांच्या नोकरीत इतका बंदोबस्त केलेला नियम मी पाहिला नाही. यातून सुई जाणार नाही."

ही त्या कलमाला मिळालेली सर्वोच्च दाद होती, आणि क्षणभर मला बरे वाटले हे मी नाकारत नाही. मग मी प्रेक्षकांत बसलेल्या सासूबाईंना साक्षीस बोलावले. तो माझा दुसरा प्रमाद. त्या शालीवर कोट घालून मैदानाच्या मध्यभागी आल्या. शुभा दुभाषी.

"आजी, तो विचारतोय, तेल किती लावला?"

"दोन वाट्या," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "कमी कशाला लावीन? पाहुणा आहे. आणि ह्या पट्टेवाल्याला विचार, दिवाळीला ह्यांच्या घरी कुणी तेल लावत नाही का? बिचाऱ्याचे हात बघ कसे भेगाळलेत."

होल्ट यांनी आपले हात पाठीमागे घेतले. मग ते क्लेटनकडे वळले. "तुला ठाऊक होतं, हे नियमाविरुद्ध आहे?"

"येस सर. निम्म्यात आल्यावर आठवलं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"त्या बाई विचारत होत्या, सर," क्लेटन म्हणाला. "मी येस मॅम म्हटलं."

गुण रद्द झाले. क्लेटन बाहेर गेला. आम्ही नेमक्या तेवढ्याच गुणांनी हरलो. सामना संपण्यापूर्वीच हॅटवाले गृहस्थ उठून गेलेले मी पाहिले. अपील करावे म्हणून मी पान उलटले, आणि कलम सहा समोर आले.

क्लेटन घोंगडी पांघरून बाकावर बसला होता. त्याच्या अंगाला अजून वाळ्याचा वास येत होता. मी शेजारी बसलो आणि नियमपुस्तक बाकाखाली सरकवले. माझ्या बाबतीत असे क्वचित घडते.

"जाऊ द्या सर," तोच म्हणाला. "कोंबड्यांना वासाचं काही नसतं."

घरी आल्यावर मी टंकलेखन यंत्र काढले. हॅटवाल्या गृहस्थांना एकतीस मुद्द्यांचे निवेदन करायचे ठरवले होते. मालती इस्पितळातून परतली, तिने हकीकत ऐकली, यंत्र उचलले आणि आपल्या मोटारीच्या डिकीत घालून कुलूप लावले.

"मालती, ही मुस्कटदाबी आहे."

"अकरा पानांत त्याला बाहेर काढलंत," ती म्हणाली. "अजून किती हवीत?"

तेवढ्या वेळात सासूबाईंनी शुभाच्या वहीचे पान फाडून घेतले आणि पेन्सिलीने तीन ओळी लिहिल्या. खाली शुभाने इंग्रजी केले. मजकूर असा: "पोराची चूक नाही. तेल मी लावले. कोरडा करून परत बघावा." तो कागद शुभाने शेजारी नेऊन दिला आणि तेथून तो तळावर, गृहस्थांच्या लेकीच्या घरी पोचला.

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या घरामागच्या मैदानात हॅटवाले गृहस्थ घड्याळ घेऊन उभे राहिले. क्लेटनला आदल्या दिवसापासून चार वेळा साबण लावण्यात आला होता. सासूबाई टॉवेल घेऊन हजर होत्या आणि प्रत्येक धावेनंतर त्याला पुसत होत्या. शेजारच्या जवानांतले पाचसहा जण त्याला अडवायला उभे केले होते. त्याने त्यांना नोटिसा दिल्या, आणि मुदतीपूर्वी निघून गेला. चेंडू एकदाही सुटला नाही.

गृहस्थांनी घड्याळ खिशात टाकले. "वीस वर्षं पोरं निवडतोय," ते मला म्हणाले. "चूक कुणाची, हे कळवणारं पत्र पहिल्यांदाच आलं." मग ते क्लेटनकडे वळले. "सप्टेंबरात ये. त्या आजीबाईंना आणू नकोस."

"येस सर," क्लेटन म्हणाला आणि सासूबाईंनी दोघांनाही लाडू दिले.

तो गेला, खेळला, पदवी घेतली. दर दिवाळीला त्याचे कार्ड येते, सासूबाईंच्या नावे. माझ्या माहितीप्रमाणे निमकर कलमाखाली शिक्षा झालेला तो एकमेव इसम आहे.

राहता राहिले सासूबाईंचे पत्र. त्यावर तारीख नव्हती, विषय नव्हता, संदर्भ क्रमांक नव्हता. ज्याला लिहिले त्याचे नावसुद्धा नव्हते. कायद्याच्या दृष्टीने त्याला पत्र म्हणताच येत नाही, असे मी त्यांना त्याच आठवड्यात नऊ मुद्द्यांत लेखी कळवले. त्यांनी ते कागद ताटात पसरले आणि त्यांवर तुळशीच्या लग्नाच्या चकल्या निथळत ठेवल्या. तेल अगदी शेवटच्या थेंबापर्यंत टिपले गेले. स्निग्ध पदार्थांविरुद्ध माझे इतके परिणामकारक लेखन दुसरे नाही.